दाराचं घड्याळ, कॅमेऱ्याचं घड्याळ
(नागपुरात इन्स्टॉलर आणि सोसायटी-पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'ॲक्सेस कंट्रोल आणि सीसीटीव्ही यांची जोडणी : संपूर्ण मार्गदर्शन'. त्यातलं 'संपूर्ण' आयोजकांचं आहे, माझं नाही. मला पाऊण तास मिळालाय. त्यातला बराचसा समई पेटवण्यात गेला, कारण मे महिन्यात नागपुरात 'पंखा बंद करा' म्हणायची कुणाचीच छाती होईना.

समोर निम्मे तरी आपल्याच धंद्यातले आहेत, त्यामुळे रीडर म्हणजे काय, ईएम लॉक म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच : रीडर कार्ड वाचतो, ईएम लॉक विजेच्या चुंबकानं दार धरून ठेवतं. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी गेली काही वर्षं जिथे माईक मिळेल तिथे सांगत असतो. दार आणि कॅमेरा जोडायला निघालात की आधी दोघांची घड्याळं बघा. वायर नंतर, सॉफ्टवेअर त्याच्याही नंतर. गिऱ्हाईक विचारतं किती मेगापिक्सेल, रात्री दिसेल का, मोबाईलवर येईल का. 'यात किती वाजले?' असं विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

एक किस्सा सांगतो. हिंगणा एमआयडीसीतलं एक गोदाम. स्टोअरमधून बेअरिंगची खोकी कमी झाली. मालकांनी कार्डाचा रिपोर्ट काढला : स्टोअरचं दार दुपारी २:४० ला उघडलंय, कार्ड स्टोअरकीपरचं. मग एनव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, २:४० लावलं. बघतात तर दारापाशी अकाउंटंट! हातात फाईल, इकडे बघतोय, तिकडे बघतोय. स्टोअरकीपरचा पत्ताच नाही. आता यातून काय निघणार? कार्ड एकाचं, चेहरा दुसऱ्याचा. म्हणजे यानं त्याचं कार्ड लांबवलं. अकाउंटंट जुना माणूस, मालकांच्या वडिलांच्या काळातला. त्याला केबिनमध्ये उभं केलं, आणि मला फोन आला : फुटेज पेनड्राइव्हवर काढून द्या, पोलिसात द्यायचंय.

मी गेलो. केबिनमध्ये मालक, मालकांचे दोन सल्लागार (असे प्रसंग आले की सल्लागार कुठून उगवतात कोण जाणे) , अकाउंटंट आणि चहा घेऊन आलेला चौकीदार. फुटेज चालू. सगळे अकाउंटंटच्या हातांकडे बघताहेत. चौकीदार मागून म्हणाला, "मालक, भितीवरची घडी त बारा वाजून धा मिनिटं दाखवून रायली."

खरंच, फ्रेमच्या कोपऱ्यात भिंतीवरचं घड्याळ होतं. १२:१०. खाली स्क्रीनवर ठसठशीत आकड्यांत १४:४०.

मालक म्हणाले, "बंद असन ते." चौकीदार म्हणाला, "बंद नाही जी. काटा फिरून रायला."

मग मी सेटिंग उघडलं. एनव्हीआर नवा बसवलेला, टाइमझोन कारखान्यातून आला तसाच : जीएमटी अधिक आठ. बीजिंगची वेळ. आपण अधिक साडेपाच. फरक बरोबर अडीच तासांचा. आणि गंमत ऐका, त्यात एनटीपी चालू होतं! यंत्र इंटरनेटवरून इमानदारीनं वेळ घेत होतं, सेकंदाची चूक नाही, आणि मग त्यात चीनचे आठ तास मिळवत होतं. म्हणजे २:४० म्हणून जे सगळ्यांनी पाहिलं, ते दुपारी बारा-दहाचं होतं. अकाउंटंट कूलरपाशी पाणी प्यायला आला होता. खरं २:४० बघायला एनव्हीआरवर ५:१० लावावं लागलं. तिथे स्टोअरकीपर स्वतः, स्वतःच्या कार्डानं, खोकी हातगाडीवर घालून नेताना दिसला. सोबत चलान. ते चलान संगणकात चढवायचं राहिलं होतं. चोरी झालीच नव्हती.

ज्यांनी तो एनव्हीआर बसवला त्यांचं नाव घेत नाही. ते इथे बसलेले असू शकतात. मालकांनी माफी मागितली, अकाउंटंटनं ती ऐकून घेतली आणि पुढच्या महिन्यात नोकरी सोडली.

आता यात शिकण्यासारखी गोष्ट अशी की कार्डाची वेळ बरोबर होती. का? कारण कार्ड तपासून दार उघडणारा जो कंट्रोलर, त्याच्यावरच हजेरी लागते आणि उशीर झाला की पगार कापला जातो. ते घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं तर दुपारच्या सुट्टीआधी अख्खं गोदाम एचआरच्या दारात उभं राहतं. कॅमेऱ्याच्या घड्याळाला असा कुणी वाली नसतो. चोरी होईपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

टाइमझोनची चूक निदान मोठी असते, पकडली जाते. हळूहळू सरकणारं घड्याळ जास्त वाईट. या यंत्रांत क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. तो साधारण २५ अंशाला नीट चालतो. त्यापेक्षा गार झाला तरी मागे पडतो, तापला तरी मागेच पडतो. आपल्याकडे पत्र्याचं खोकं पश्चिमेच्या भिंतीवर ठोकतात. आत ६० अंश धरा. तितकं सतत तापलेलं राहिलं तर दिवसाला साडेतीन सेकंदांच्या आसपास मागे, महिन्याला पावणेदोन मिनिटं. पावणेदोन मिनिटांत दारातून अख्खी शिफ्ट आत जाते. कुणाचं कार्ड आणि कुणाचा चेहरा, लावा आता हिशेब.

वेळेचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, विषयाशी याचा संबंध नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, आपण एकोणऐंशीच्या जरा पुढे. म्हणजे सूर्याच्या हिशेबानं नागपूर घड्याळाच्या सरासरी साडेतेरा मिनिटं मागे आहे. पुढच्या वेळी लग्नाला उशीर झाला की हे सांगा.

तर उपाय काय? सगळ्या यंत्रांना एकच एनटीपी सर्व्हर द्या. कंट्रोलर, एनव्हीआर, प्रत्येक कॅमेरा, रिपोर्ट काढायचा संगणक, सगळ्यांना. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलंय, लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत. जागेवर इंटरनेट नसेल तर एनव्हीआरलाच वेळेचा सर्व्हर करा आणि बाकीच्यांना त्याच्या मागे लावा. मग कार्ड पंच करा आणि रिपोर्टमधली वेळ व चित्रातली वेळ ताडून बघा. एका सेकंदाच्या आत जुळली तरच बिल करा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे जे छापलंय ते आता सुरू करतो.

जोडणीचे तीन मार्ग. पहिला, कंट्रोलरच्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) जोडी कॅमेऱ्याच्या किंवा एनव्हीआरच्या अलार्म इनपुटला. स्वस्त आणि टिकाऊ, पण 'काहीतरी झालं' एवढंच कळतं, कुणाचं कार्ड ते कळत नाही. दुसरा, दोन्हीकडची सॉफ्टवेअरं एपीआयनं, म्हणजे एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेनं, जोडायची. सगळं कळतं, पण एका बाजूचं अपडेट आलं की तुटतं, तेव्हा एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, ते लिहून घ्या. तिसरा, ऑनविफ : वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून केलेलं मानक. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी सुरू केलं. कॅमेऱ्याच्या खोक्यावर 'ऑनविफ' दिसलं म्हणून खूश होऊ नका, प्रोफाईल बघा, म्हणजे ते कोणत्या कामापुरतं आहे ते. एस आणि टी हे व्हिडिओचे, दाराच्या घटनांसाठी सी, कार्ड आणि परवानग्यांसाठी ए. एसवाला कॅमेरा दाराशी बोलेल असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

कोणत्या घटनेवर क्लिप हवी? 'दार उघडलं' सगळेच लावतात. तीन महत्त्वाच्या : कार्ड नाकारलं, दार जबरदस्तीनं उघडलं, दार उघडंच राहिलं. शेवटच्या दोन्हींसाठी चौकटीवर मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट लागतो, आणि खर्च कमी करायचा म्हटलं की पहिला तोच गळतो. तो नसेल तर कंट्रोलरला फक्त परवानगी दिल्याचं माहीत असतं, माणूस आत गेला की नाही ते नाही. रेकॉर्डिंग घटनेच्या पाच-दहा सेकंद आधीपासूनचं ठेवा, कारण मागून घुसणारा आधी घोटाळत असतो.

कॅमेरा छतावरून खाली बघणारा नको, टकलं ओळखून उपयोग नाही. समोरून, चेहऱ्याच्या जवळपास उंचीवर. पश्चिमेचं दार असेल तर चांगला डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एका चित्रात सांभाळणारा), नाहीतर दुपारी सगळे काळे पुतळे. आणि उन्हाळ्यात सगळं नागपूर तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं, तेव्हा चेहऱ्यानं दार उघडण्याचं मशीन विकण्याआधी गिऱ्हाइकाला मे महिना आठवून द्या.

रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची वायर विगंड या जुन्या पद्धतीची असेल तर ती एकतर्फी आणि उघडी, कुणीही मध्ये बसून कार्डाचा नंबर ऐकू शकतो. नव्या कामात त्याऐवजी ओएसडीपी ही दुतर्फी पद्धत मागा, आरएस-४८५ प्रकारच्या वायरिंगवर चालते, सुरक्षित जोडणी सुरू केली की संवाद कूटबद्ध होतो. मात्र ती सुरू करावी लागते. १२५ किलोहर्ट्झची कार्डं बाजारात मिनिटात डुप्लिकेट होतात, म्हणून तर कार्डासोबत चेहरा लागतो.

सोसायटीवाल्यांनो, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एकदा वाचा. नाव आणि चेहरा एका ओळीत आले की साठवलेल्या माहितीची जबाबदारी वाढते. ग्रुपवर क्लिपा टाकणं बंद करा.

आणि हे शेवटचं, उभ्याउभ्याच. आगीच्या अलार्मची वायर थेट ईएम लॉकच्या सप्लायमध्ये घ्या. कंट्रोलरच्या, एनव्हीआरच्या, कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मधून नको. अलार्म वाजला की लॉकची वीज तुटली पाहिजे, संगणक हँग असला तरी. दर तीन महिन्यांनी अलार्म वाजवून, सगळी दारं हातानं ढकलून बघा.