कुस्ती निकाली हवी

जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाआधी माती तयार होते. तांबडी माती ट्रॉलीतून येते, चाळणीतून जाते. एक खडा राहिलेला चालत नाही. मग तिच्यात हळद, काव, लिंबाचा रस, कापूर, तेल, ताक. खोऱ्यानं खालीवर करायची, पायांनी तुडवायची, पाणी मारून झाकून ठेवायची. ती बोटांतून कशी सुटते बघा. पाठीला लागू नये, खरचटलं तर चिघळू नये, यासाठी हे सगळं. कुणीतरी पाठीवर पडणार, हे धरूनच सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातल्या या गावानं हा हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, भरलाय.

दुपारी हलगी कडाडते. आधी पोरांच्या कुस्त्या. हे पोरगं बघा, हात मिळवला की थेट पटात, समोरच्याचे पाय धरायला. एकचाक, घिस्सा, ढाक, डावामागून डाव, आणि पाठ मातीला, चितपट! इनाम शे-दोनशे रुपये.

दिवस कलताना मोठ्या जोड्या येतात. फेटे, तुतारी, लाखाच्या इनामाची घोषणा. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली. मानेवर हात, कपाळाला कपाळ. पट काढायला कुणी वाकत नाही. पंच सांगतात, "कुस्ती करा." मागून शिट्ट्या येतात. पुन्हा मानेवर हात. शेवटी पंच दोघांचेही हात वर करतात. बरोबरी.

पैलवान आळशी नाही. पहाटे उठून जोर-बैठका मारणारा, घरच्या उसाचं बिल बदाम-तुपाच्या खुराकात घालणारा गडी आळशी कसा असेल? गणितच तसं बसलंय. बरोबरीत सुटली की बऱ्याच ठिकाणी इनाम निम्मं-निम्मं. हरला, तर पुढच्या गावात जोड खालची लागते. गुडघा गेला, तर जत्रांचा अख्खा हंगाम गेला. दवाखान्याचा खर्च घरचाच. मग डाव टाकून उघडं पडण्यापेक्षा अंग राखलेलं बरं, असं त्याला वाटणारच.

याच जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य आणलं, १९६४ ला ते हिंदकेसरी झाले, म्हणजे देशपातळीवरचा मानाचा किताब जिंकला. शेजारी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीतून कांस्य घेऊन आले. हीच माती अंगाला लावून गेलेली माणसं.

मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. फ्रीस्टाइलमध्ये टाळाटाळ केली की आधी ताकीद, पुन्हा केली की ३० सेकंदांची मुदत. तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही, तर समोरच्याला एक गुण. जत्रेच्या मातीवर असा धाक सहसा नसतो. कंटाळून लोक उठतात, शेवटच्या जोडीला मागच्या रांगा रिकाम्या दिसतातच.

इनाम चितपटीला बांधा. बरोबरी झाली तर दोघांना प्रवासखर्च आणि खुराक द्या, उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या जोडीवर लावा. दुखापतीच्या औषधपाण्याचे पैसे मैदानाआधीच बाजूला काढा. यात्रा कमिटी जोडी ठरवते, त्याच बैठकीत हे ठरू शकतं.