न्यू जर्सीतल्या गावांचे टक्के कुणी ठरवले?

नमस्कार मंडळी. एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्सविकची मंडळी तर आहेतच, पण काहीजण खाली चेरी हिलवरूनही आलेत, थँक्यू. आजचा विषय आहे आपल्या न्यू जर्सी राज्यातल्या शहरांची वांशिक लोकसंख्या, म्हणजे कुठल्या गावात गोरे किती, ब्लॅक किती, हिस्पॅनिक, म्हणजे मूळचे स्पॅनिश भाषिक देशांतले, किती, आपण भारतीय धरून एशियन किती. आपल्यातला जवळपास प्रत्येकजण घर घेताना ही माहिती बघतो, फक्त उघड बोलत नाही. म्हणून म्हटलं एकदा उघडच बोलूया.

2020 च्या जनगणनेत न्यू जर्सीची लोकसंख्या 92 लाख 88 हजारांच्या आसपास आहे. त्यात हिस्पॅनिक नसलेले गोरे साधारण 52 टक्के, हिस्पॅनिक 21-22 टक्के, ब्लॅक 12 टक्क्यांच्या वर आणि एशियन 10 टक्के. वाचल्यावर वाटतं की वा, काय छान मिसळून राहतात इथे लोक. पण या टक्क्यांसारखं दिसणारं एखादं गाव शोधायला निघालात तर दमून जाल. युनियन सिटीत बघाल तर पाचातले चार लोक हिस्पॅनिक, पॅलिसेड्स पार्कमध्ये 2010 ला निम्म्याहून जास्त लोक कोरियन, अर्विंग्टनमध्ये बहुसंख्य ब्लॅक आणि त्याच एसेक्स काउंटीत थोडं पश्चिमेला गेलं की ब्लॅक माणूस औषधालाही सापडणार नाही अशी गावं. मेपलवुड, टीनेक अशी मिसळलेली गावं आहेत, नाही असं नाही, पण तिथल्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं ठरवून मेहनत घेतलीय, ते आपोआप झालेलं नाही.

आता याच्यावर नेहमीचं उत्तर येतं की लोक आपापल्या लोकांत राहतात, त्यात काय एवढं. हे अर्धं खरं आहे. एडिसनमधला आपला भारतीय बाजार, ओक ट्री रोड, कसा झाला? एकाने किराणा दुकान टाकलं, मग साडीवाला आला, मग सोनार आला, ट्रेन जवळ, घरं परवडणारी, मग भाऊ आला, मेव्हणा आला, आणि आज एडिसनमध्ये एशियन लोक निम्म्याच्या पुढे गेलेत. ही ओढ खरीच आहे. पण ही ओढ ज्याच्यासमोर सगळी दारं उघडी आहेत त्याची. ज्याला दारातूनच परत पाठवलं तो कुठे राहिला याला त्याची आवड म्हणता येत नाही. आपल्या गावांत गावकुसाबाहेरची वस्ती गावकुसाबाहेर का होती, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, आणि ती त्यांनी हौसेने तिथे वसवली असं म्हणायची आपली हिंमतही होणार नाही. मग इथे आल्यावर आपण तेच किती सहज बोलून जातो.

नेवार्क घ्या. नेवार्कबद्दल आपल्यात कथा अशी सांगतात की 1967 मध्ये दंगल झाली आणि गोरे पळाले. दंगल झाली हे खरंच, जुलै 1967, पाच-सहा दिवस, 26 माणसं गेली. पण 1950 ते 1960 या दहा वर्षांतच, म्हणजे दंगलीच्या कितीतरी आधी, जवळपास एक लाख गोरे नेवार्क सोडून गेले होते. कशामुळे? 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांतल्या वस्त्यांना ए ते डी अशा ग्रेड दिल्या, डी म्हणजे नकाशावर लाल रंग, कर्जासाठी धोका. एखाद्या भागात ब्लॅक कुटुंबं आहेत एवढ्यावर तो भाग लाल व्हायचा. नेवार्कमध्ये तेव्हा चार लाखांवर लोक राहत होते आणि तिथल्या एकाही वस्तीला ए मिळाला नाही. मग युद्धानंतर सरकारी हमीचं स्वस्त कर्ज कुठे मिळायचं तर बाहेर, नव्या सबर्बमध्ये, आणि तेही गोऱ्यांना. म्हणजे एका कुटुंबाला सरकार मदत करून बाहेर नेतंय आणि शेजारच्या कुटुंबाला त्याच सरकारमुळे घराच्या दुरुस्तीलासुद्धा बँक उभं करत नाहीये. वीस वर्षं हे चाललं की टक्के बदलणारच.

मला आज जास्त बोलायचंय ते विलिंगबरोबद्दल, कारण एका गावात हा सगळा खेळ उघड दिसतो. बर्लिंग्टन काउंटीतलं गाव, फिलाडेल्फियापासून जवळ. लेव्हिट नावाचा बिल्डर, ज्याने लाँग आयलंडला आणि पेन्सिल्व्हेनियात एकसारख्या हजारो घरांच्या वसाहती केल्या, त्याने 1958 मध्ये इथे तिसरी लेव्हिटाउन सुरू केली. आजही तिथे फिरलात तर कळतं, गावाचे भाग पाडलेत, त्यांना पार्क म्हणतात, आणि ज्या अक्षराने पार्कचं नाव सुरू होतं त्याच अक्षराने त्यातल्या सगळ्या रस्त्यांची नावं. बिल्डरने जाहीरच सांगितलं होतं की ब्लॅक लोकांना घर विकणार नाही. फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावरचे विली जेम्स नावाचे ब्लॅक अधिकारी घर मागायला गेले, तर बिल्डरकडून त्यांना नकार मिळाला. देशाच्या सैन्यात चालतात, त्या गल्लीत चालत नाहीत. त्यांनी तक्रार केली आणि राज्याचा कायदा इथे कामाला आला, कारण सरकारी मदतीवर बांधलेल्या घरांत भेदभाव करायचा नाही असा न्यू जर्सीचा कायदा होता आणि या घरांच्या कर्जाला सरकारी हमी होती. 1960 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने बिल्डरच्या विरोधात निकाल दिला आणि दार उघडलं.

पुढचं ऐका, कारण गोष्ट तिथे संपत नाही. 1960 मध्ये तिथे गोरे नसलेले लोक होते 60. साठ हजार नव्हे, साठ. 1970 ला पाच हजारांच्या वर, आणि 1973 ला 18 टक्क्यांच्या पुढे. तेवढ्यावर गोऱ्यांत कुजबुज सुरू झाली की आता भाव पडणार, आताच विका. एकाच्या दारात फॉर सेलची पाटी लागली की शेजारी घाबरायचा, दोन लागल्या की तिसरा एजंटला फोन करायचा. गावच्या कौन्सिलला गाव मिसळलेलंच ठेवायचं होतं, म्हणून त्यांनी 1974 मध्ये अशा पाट्या लावायलाच बंदी घातली. हेतू चांगला होता हे मी ठामपणे म्हणेन. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1977 मध्ये बंदी रद्द झाली, घर विकायचंय हे सांगणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे म्हणून. निकाल लिहिला होता थरगुड मार्शल यांनी, देशाचे पहिले ब्लॅक सुप्रीम कोर्ट न्यायाधीश, शाळांमधला वर्णभेद मोडणारा 1954 चा खटला लढवणारे वकील. त्यांनी लिहिलं की पाट्यांमुळेच लोक पळतायत असा पुरावा गावाने दिलेला नाही, आणि एकोपा कितीही मोलाचा असला तरी त्यासाठी लोकांपासून माहिती लपवता येणार नाही. मला वाटतं निकाल बरोबर होता, आणि तरी वाचताना वाईट वाटतं. आज विलिंगबरोत दोन तृतीयांशाच्या आसपास लोक ब्लॅक आहेत. आता कुणी जनगणनेचा तक्ता उघडून म्हणेल, हे ब्लॅक टाउन आहे. अरे, या गावाच्या जन्मदाखल्यावर उलटं लिहिलं होतं!

त्याच काउंटीत माउंट लॉरेल आहे. तिथे उलट झालं. तिथे ब्लॅक कुटुंबं पिढ्यानपिढ्या होती, शेतावर राबलेली, आणि 1960 च्या दशकात गाव वाढायला लागलं तेव्हा त्यांची राहती घरं मोडकळीला आलेली म्हणून पाडायला लागले. एथेल लॉरेन्स आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी म्हटलं 36 साधी अपार्टमेंट बांधू द्या, आमची मुलं इथेच राहतील. गावाने नकार दिला. कारण झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे गावाचे नियम. एवढ्या मोठ्या प्लॉटवर एकच घर, अपार्टमेंट नको, असा नियम केला की कुणाच्या रंगाचा शब्दही काढावा लागत नाही, किंमतच गाळण्याचं काम करते. आणि गावांना हे का हवं असतं, तर शाळा चालते घरपट्टीवर, प्रॉपर्टी टॅक्सवर, मग महाग घर आणि कमी मुलं असंच कुटुंब हवं. 1975 आणि 1983 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक वाढत्या गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे, सगळ्या राज्याला तो नियम लागू झाला, आणि तरी माउंट लॉरेलमध्ये एथेल लॉरेन्स यांच्या नावाची घरं उभी राहायला 2000 साल उजाडलं. त्या 1994 मध्येच गेल्या होत्या.

या राज्यात 564 नगरपालिका आहेत. एवढ्याशा राज्यात! प्रत्येकाची हद्द वेगळी, झोनिंग बोर्ड वेगळं, आणि बहुतेकांची शाळाही वेगळी. राज्याच्या 1947 च्या घटनेत सरळ लिहिलंय की सरकारी शाळेत वंशावरून वेगळं करायचं नाही, पण मूल ज्या हद्दीत राहतं त्याच हद्दीच्या शाळेत जातं, त्यामुळे घरांची विभागणी उचलून वर्गात येऊन बसते. 2018 मध्ये काही संघटना आणि कुटुंबांनी यावरून राज्य सरकारवरच खटला भरला.

आता आपण. हा भाग टाळून मला पुढे जाता येणार नाही. आपल्यातले पहिले डॉक्टर, इंजिनिअर 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आले, आणि तो कायदा ज्या वातावरणात झाला ते सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे ब्लॅक लोकांच्या समान हक्कांच्या, चळवळीने तयार केलेलं होतं. घर देताना भेदभाव नको हा 1968 चा कायदाही त्याच लढ्यातला. आपल्याला एडिसनमध्ये घर घेता आलं ते त्या कायद्याच्या आधाराने. आणि मग आपल्याच दिवाणखान्यात मी ऐकते, त्या टाउनमध्ये नको गं, तिकडे ते लोक फार आहेत. किंवा थोडं सभ्य करून, स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघ. मला याचा राग येतो, खरंच येतो. 1987 मध्ये जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाची टोळी आपल्या बायकांच्या टिकलीवरून आपल्याला हुडकत होती, त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना मारहाण झाली आणि ते दगावले. आपल्याला 'ते लोक' म्हणणारे तेव्हा होते, हे इतक्या लवकर विसरायचं?

शेवटी मोजणीबद्दल बोलते, कारण टक्के म्हणजे काही तराजूत टाकलेलं सोनं नाही, फॉर्मवर कुठला चौकोन छापलाय त्यावर ते ठरतात. 1920 ते 1940 च्या जनगणनांमध्ये आपण चक्क हिंदू नावाचा वंश होतो, मग शीख असा नाहीतर मुसलमान. 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगत सिंग थिंड यांना सांगितलं तुम्ही गोरे नाही, आणि 1970 च्या जनगणनेत मात्र भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. एशियन इंडियन हा वेगळा चौकोन 1980 पासून आला, तोही इथल्या भारतीयांनी मागणी लावून धरली म्हणून. नेवार्कच्या आयर्नबाउंड भागातले पोर्तुगीज आणि ब्राझिलियन हिस्पॅनिकमध्ये धरत नाहीत. जर्सी सिटीतले इजिप्शियन कॉप्टिक ख्रिश्चन, पॅटरसनमधले सीरियन आणि पॅलेस्टिनी हे आजवर सगळे गोरे म्हणून मोजले जातात. 2024 च्या मार्चमध्ये सरकारने ठरवलं की मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा चौकोन द्यायचा आणि हिस्पॅनिकचा वेगळा प्रश्न काढून सगळं एकाच प्रश्नात आणायचं. ठरल्याप्रमाणे 2030 ला हे झालं तर एकही कुटुंब घर न बदलता काही गावांतला गोऱ्यांचा टक्का खाली येईल, आणि पॅटरसनमध्ये तर तो ठळक दिसेल, कारण तिथली अरब वस्ती एवढी मोठी आहे की 2022 मध्ये मेन स्ट्रीटच्या एका भागाला पॅलेस्टाइन वे असं नाव दिलंय.