अंदाजपत्रकातली एक ओळ

नमस्कार श्रोतेहो.

वाढीव पाणीपुरवठा योजना आणि तिच्या जोडीला गल्लोगल्ली काँक्रीटचे रस्ते, असा प्रकल्प तुमच्या गावात आला असेल किंवा येऊ घातला असेल. आकडा कोटींचा असतो. तो पेपरात छापून येतो आणि त्याच संध्याकाळी पारावर, देवळाच्या ओट्यावर, सोसायटीच्या गच्चीवर एकच प्रश्न निघतो: एवढे पैसे कशाला, आणि पाणीपट्टी कितीने वाढणार? मग निवेदन लिहिलं जातं, दोनशे सह्या होतात, आवक खिडकीवर शिक्का बसतो आणि काम ठरल्या दिवशी सुरू होतं.

त्या निवेदनात विरोध एकूण आकड्याला असतो, म्हणून ते पडून राहतं. "लोकसंख्या वाढली, भाव वाढले" एवढं म्हटलं की त्याचं उत्तर झालं. तेच तुम्ही अंदाजपत्रकातल्या, म्हणजे कोणत्या कामाला किती खर्च याच्या यादीतल्या, एका ओळीवर बोट ठेवलंत, तर त्या ओळीखाली सही करणाऱ्या अभियंत्याला बोलावंच लागतं. म्हणून आज मला मुख्य सांगायचंय ते हे: ओळ शोधा. पुन्हा सांगतो, एकूण आकडा बाजूला ठेवा आणि ओळ शोधा.

एका ओळीत काय ताकद असते, त्यासाठी दिल्लीची गोष्ट ऐका. ही गोष्ट पाण्याच्या प्रत्येक आंदोलनात सांगितली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

1998 साली दिल्ली जल बोर्डाने पाणीपुरवठा सुधारण्यासाठी जागतिक बँकेच्या कर्जाची वाट धरली. वचन होतं चोवीस तास पाणी. कोणाला नको असतं? दिल्लीत तेव्हा कितीतरी वस्त्यांत पहाटे तासभर नळ यायचा, लोक मोटार लावून पाणी ओढायचे. योजनेला विरोध करायचं कुणाच्या मनातही नव्हतं, कारण योजनेत नेमकं काय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

देशाचा माहिती अधिकार कायदा 2005 चा. दिल्ली राज्याचा स्वतःचा कायदा मात्र 2001 पासून होता. (आपल्या महाराष्ट्रानेही देशाच्या आधी, 2002 मध्ये, असा कायदा केला होता. तो अण्णा हजारेंच्या उपोषणांमुळे पदरात पडला, आणि शाळेच्या नागरिकशास्त्रात त्यावर एक पूर्ण धडा असावा, असं माझं ठाम मत आहे.) तर दिल्लीत 'परिवर्तन' नावाची संस्था होती. अरविंद केजरीवाल तिचं काम बघायचे, ते राजकारणात यायच्या कितीतरी आधी. परिवर्तनने जल बोर्डाकडे या प्रकल्पाची कागदपत्रं मागितली. बोर्डाने नकार दिला. त्यांनी अपील केलं आणि अखेर कागद हातात आले. किती? सुमारे 4,000 पानं. झेरॉक्सच्या कागदाची आठ रिमं एकावर एक रचा, म्हणजे तो ढीग डोळ्यासमोर येईल.

त्या ढिगात दोन गोष्टी सापडल्या.

पहिली सल्लागार नेमणुकीची. प्रकल्प कसा राबवायचा हे सांगायला सल्लागार कंपनी हवी होती. अनेक कंपन्यांमधून सहा निवडायच्या होत्या. पहिल्या यादीत एक कंपनी दहावी होती. सहांत दहावी बसत नाही. बँकेकडून शेरे आले, यादी पुन्हा झाली, आणि दहावी कंपनी सहावी झाली. पुढच्या फेऱ्यांतही फेरमूल्यांकन झालं आणि शेवटी काम त्याच कंपनीला मिळालं. आपण काही गैर केलं नाही, अशी बाजू बँकेने मांडली. ती बाजू आणि हा क्रम, दोन्ही लोकांसमोर आले ते केवळ कागद बाहेर आले म्हणून.

दुसरी गोष्ट साध्या गुणाकाराची, आणि माझ्या मते खरी मोठी हीच. दिल्लीचे 21 विभाग करून एकेक विभाग एकेका कंपनीकडे चालवायला द्यायचा, असा आराखडा होता. दक्षिण दिल्लीतल्या दोन विभागांपासून सुरुवात. प्रत्येक विभागात कंपनीचे चार तज्ज्ञ. आणि एका तज्ज्ञाचं मानधन? महिन्याला 24,400 डॉलर.

ही एक ओळ. शेकडो पानांच्या मध्ये बसलेली, एकटी वाचली तर कुणाच्या नजरेतही भरणार नाही अशी. आता गुणाकार माझ्याबरोबर करा. चार तज्ज्ञ, एकवीस विभाग. चार गुणिले एकवीस, चौऱ्याऐंशी माणसं. चौऱ्याऐंशी गुणिले चोवीस हजार चारशे, गुणिले बारा महिने. वर्षाला जवळजवळ अडीच कोटी डॉलर. तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपयांच्या वर. फक्त चौऱ्याऐंशी माणसांच्या पगारावर! यात एक मीटर पाइप नाही, एक व्हॉल्व्ह नाही, पाण्याचा एक थेंब वाढलेला नाही.

हा गुणाकार वसाहतींच्या रहिवासी संघांपर्यंत पोचला, आणि तिथून वादाची भाषाच बदलली. "खाजगीकरण चांगलं की वाईट" या चर्चेत लोक दमून जातात, प्रत्येकाचं मत वेगळं असतं. "चौऱ्याऐंशी माणसांना शंभर कोटी का?" याला मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं. नोव्हेंबर 2005 मध्ये दिल्ली सरकारने कर्जाचा प्रस्ताव मागे घेतला. चार हजार पानं, आणि लोकांच्या तोंडी राहिली ती एक ओळ.

आता आपल्या गावाकडे येऊ. कागद मिळवायची वाट तुम्हाला ठाऊकच आहे, तरी उजळणी करतो. माहिती अधिकाराच्या जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात हे दोन्ही आहे आणि बरेच अर्ज इथेच अडकतात. उत्तराची मुदत 30 दिवस, प्रती 2 रुपये पान. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. अर्जात "का केलं" असं विचारू नका. मत देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. म्हणून कागदाचं नाव लिहा: तपशीलवार अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यतेचं पत्र, निविदांचा तुलनात्मक तक्ता, करारनामा, आणि काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही. पाण्याचं आणि रस्त्याचं अंदाजपत्रक वेगवेगळं असेल, तर दोन अर्ज करा. दोन्ही हातात असल्याशिवाय वाचायला बसू नका.

कारण मोठी चूक या दोन कागदांच्या मध्ये असते. पाण्याच्या अंदाजपत्रकात पाइपसाठी खोदाई असते आणि शेवटी एक बाब असते: खोदलेला रस्ता पूर्ववत करणे. समजा गल्ल्यांची लांबी मिळून एक किलोमीटर, चर पाऊण मीटर रुंद. झाले 750 चौरस मीटर. आता रस्त्याचं अंदाजपत्रक उघडा. तीच गल्ली, तोच किलोमीटर, चार मीटर रुंदीचं नवं काँक्रीट, म्हणजे 4,000 चौरस मीटर. पाइपचे 750 चौरस मीटर याच्या पोटातच आहेत! नवं काँक्रीट लगेच पडणार असेल, तर तिथे फक्त चर नीट बुजवून दाबणं पुरे, वरचा पृष्ठभाग पुन्हा करायचं कारण नाही. एकाच जागेचे पैसे दोनदा धरलेत का, हे गल्लीचं नाव घेऊन तपासा. पुन्हा सांगतो: पाण्याचा कागद आणि रस्त्याचा कागद शेजारी ठेवा, गल्लीगणिक.

दुसरी ओळ खोदाईची. माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक, प्रत्येकाचा दर वेगळा, आणि कठीण खडकाचा माती-मुरुमापेक्षा कितीतरी जास्त. वरच्याच चराला सव्वा मीटरच्या आसपास खोली धरली तर नऊशे-साडेनऊशे घनमीटर खोदाई होते. त्यातला निम्मा कठीण खडक लिहिला असेल, तर त्या आळीत विहीर, बोअर किंवा शौचालयाचा खड्डा खणलेल्या चार घरांत विचारा, खडक किती फुटांवर लागला. त्यांचं लेखी म्हणणं तुमच्या निवेदनाला जोडा. विहीर खणणाऱ्या माणसाइतकी जमिनीची माहिती कुठल्याही कार्यालयात नसते.

तिसरी ओळ पाइपच्या व्यासाची. शहरी योजनेत माणशी रोज 135 लिटर धरतात. चाळीस हजार वस्तीला 54 लाख लिटर, वर गळतीचे पंधरा टक्के. योजना तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी आखतात; तो आकडा फुगवून लिहिला की व्यास वाढतो, व्यास वाढला की खर्च वाढतो. तोटा पैशांपुरता नाही. गरजेपेक्षा मोठ्या पाइपात पाणी रेंगाळतं, गाळ बसतो, शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन उरत नाही. मागच्या जनगणनांचे आकडे घेऊन वाढीचा वेग स्वतः काढून बघा.

दरसूचीबाहेरच्या, म्हणजे सरकारी दरांच्या यादीत नसलेल्या, आणि 'लम्पसम', म्हणजे ठोक रक्कम, लिहिलेल्या बाबींखाली लाल पेन्सिल ओढा. तिथे मोजमापच नसतं. आणि एक बाब नसेल तर ती मागा: जुन्या लाइनवरच्या घरगुती जोडण्या नव्या लाइनवर घेण्याचा खर्च. ती ओळ सुटली, तर फेरूलपासून, म्हणजे मुख्य पाइपला तुमची जोडणी लागते त्या तुकड्यापासून, मीटरपर्यंतचा भुर्दंड तुमच्यावर येतो. मीटरला मात्र सरसकट विरोध करू नये, असं मला वाटतं. मीटर नसेल तर गळती कुठे आहे हे कळणारच नाही.

काँक्रीटबद्दल एकच अट घाला: जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही. तसं केलं नाही तर रस्ता वर येतो, उंबरा खाली जातो आणि पहिल्याच जोराच्या पावसात पाणी घरात शिरतं.

काम सुरू झालं की एक दिवस चुकवू नका. पाइपची दाबचाचणी. सांधे उघडे ठेवून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने ती घ्यायची असते. घाईत चर आधी बुजवतात आणि चाचणी कागदावर उरते. मग वर काँक्रीट पडतं, आणि सांधा गळाला की तोच रस्ता फोडावा लागतो. चर बुजवतानाही पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर, प्रत्येकावर पाणी मारून धुम्मसाने ठोकून माती बसवायची. एकदम लोटलेली माती एका पावसाळ्यात खचते आणि वरची स्लॅब तडकते. चाचणीची तारीख आधी लेखी मागून घ्या, आळीतली दोन माणसं चरापाशी उभी करा, आणि प्रेशर गेजचा काटा सुरुवातीला कुठे होता, शेवटी कुठे होता, दोन्हीचे फोटो काढून ठेवा. मोजमाप पुस्तिकेची प्रत हातात आली की तिच्यातली चाचणीची तारीख या फोटोंशी ताडून बघा.

नमस्कार.