कुठं पाहिला ते आधी सांग

(दृश्य: मे महिना, रविवार, सकाळचे आठ. नागपूरच्या सदर भागातला पोह्यांचा ठेला. तर्रीच्या पातेल्यातून वर येणारे चणे, पोह्यांवर पडणारा लाल रस्सा.)

निवेदन:

नागपुरात तर्री-पोहे खाताना लोक काहीही बोलतात. क्रिकेट, पक्षफोडी, उड्डाणपुलाचं काम, कुणाच्या पोरीचं जमलं. या ठेल्यापुढच्या एका बाकड्यावर मात्र दर रविवारी फक्त भुतांवर बोलणं होतं. खरं तर भुतांवरही नाही, भुतांच्या पिक्चरवर.

पाच-सहा जण आहेत. हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारे एक भाऊ. डेंटलला शिकणारी एक मुलगी. मराठीचे एक निवृत्त सर. आणि लग्नाच्या मांडवांना साऊंड पुरवणारा एक जण, ज्याला इथं सगळे ‘साऊंडवाले’ एवढंच म्हणतात. बाकीचे येऊन-जाऊन. कॅमेऱ्यावर नावं नकोत म्हणाले. डेंटलवाली रात्रीच्या शोला जाते हे तिच्या घरी माहीत नाही, हे त्यातलं मुख्य कारण.

या बाकड्याचा एक नियम आहे. पिक्चर कसा वाटला हे सांगायच्या आधी तो कुठं पाहिला, किती वाजता पाहिला आणि सोबत कोण होतं, हे सांगायचं. मत त्यानंतर.

आम्हाला आधी ही गंमत वाटली. मग ‘वेपन्स’वरून भांडण लागलं.

(दृश्य: भाऊ आणि डेंटलवाली. मध्ये दोन प्लेटा.)

झॅक क्रेगरचा हा पिक्चर २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला. एकाच वर्गातली १७ मुलं रात्री २ वाजून १७ मिनिटांनी अंथरुणातून उठतात, दार उघडतात आणि दोन्ही हात पसरून अंधारात पळत सुटतात. पुढं गोष्ट एकेका माणसाच्या नावानं, तुकड्यातुकड्यानं सरकते.

भाऊंनी तो मल्टिप्लेक्समध्ये शेवटच्या शोला पाहिला आणि मग गाडीवर हिंगणा रोडनं एकटे घरी गेले. डेंटलवालीनं तो नंतर होस्टेलवर, दुपारी, मोबाइलवर पाहिला. तिच्या मते पहिला तास नुसता ताणलाय आणि शेवट तर चक्क हसवतो.

“अवं, मोबाइलवर पाहून तू त्याले बोर म्हणून राहिली का?”

“दादा, तुम्ही एकले त्या रोडनं गेले म्हणून तुम्हाला भेव वाटलं. पिक्चरचं काय त्यात?”

“बाप्पा! मंग भेव घातलं कोनं? रोडनं?”

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. विनोदी पिक्चर दुपारी पाहा की रात्री, विनोद साधारण तेवढाच राहतो. भीतीचं तसं नाही. ती पडद्यावर अर्धीच असते. उरलेली खोलीतून, वेळेतून, घरी जायच्या रस्त्यातून भरली जाते. म्हणून या मंडळींना मोबाइलवर दिलेले रेटिंगचे तारे-बिरे चालत नाहीत.

(दृश्य: मानेवाड्याकडचं गोदाम. रचून ठेवलेले स्पीकर, म्हणजे खर्जासाठीचे बेस आणि वरच्या सुरांसाठीचे टॉप, केबलची गुंडाळी, कोपऱ्यात लोखंडी कूलर.)

साऊंडवाल्यांनी हे आम्हाला प्रयोग करून दाखवलं. त्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणून सगळा माल गोदामातच होता. त्यांनी लॅपटॉप साऊंडच्या मिक्सरला जोडला, दोन टॉप आणि एक बेस चालू केला आणि एका पिक्चरमधला लांबलचक रिकामा व्हरांडा लावला.

कॅमेरा मिक्सरवरच्या, आवाज किती चढला ते दाखवणाऱ्या दिव्यांवर ठेवा, म्हणाले. खाली हिरवे, मध्ये पिवळे, वर लाल. बराच वेळ सगळ्यात खालचा एकच हिरवा दिवा लुकलुकत होता. कानाला नीट काही ऐकू येत नव्हतं, पण गोदामाचं शटर बारीक थरथरत होतं. बेसमधून एक खर्जातला सूर चालू होता आणि तो कानाआधी पत्र्याला कळला होता. आमच्या कॅमेरामननं नकळत मागं वळून पाहिलं. मग एकदम सगळे दिवे लालपर्यंत. धाडकन दार.

“आता पाहा,” म्हणून त्यांनी कूलर चालू केला.

विदर्भाबाहेरच्या प्रेक्षकांसाठी एवढंच सांगतो, की इथं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि कूलर ही चैन नाही. मोठा पंखा, ओल्या ताट्या, पाणी चढवणारा पंप. या तिघांचा मिळून जो आवाज होतो त्यात दोन महिने अख्खं नागपूर झोपतं, जेवतं आणि पिक्चर पाहतं.

तोच व्हरांडा पुन्हा लावला. तोच हिरवा दिवा लुकलुकला. पण शटरचं थरथरणं आता कुणाला कळणार? कूलरच्या घरघरीत तो सूर केव्हाच बुडाला होता. नुसता एक व्हरांडा, आणि तोही कंटाळवाणा. मग दार धाडकन आपटलं आणि आम्ही पुन्हा दचकलो, अगदी पहिल्यासारखेच.

साऊंडवाल्यांचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात घरी बसून पाहिलं की फक्त धाडकन उरतं. त्यामुळं जे पिक्चर दर पाच मिनिटांनी दार आपटतात ते इथं मे महिन्यात ‘मस्त’ ठरतात, आणि जे दबक्या पावलानं येतात ते ‘झोप आली’ म्हणून बाद होतात. २०१८ चा ‘अ क्वाएट प्लेस’ त्यांनी थिएटरात पाहिला होता. आवाज केला की मरण, अशी गोष्ट. लोक पॉपकॉर्नचा घास तोंडात धरून बसले होते, चावायची हिंमत नव्हती. तोच पिक्चर भाच्यानं कूलरपुढं पाहिला आणि विचारलं, “मामा, यात डायलॉगच नाही का?”

आम्हाला हे जवळजवळ पटलं. सरांना नाही.

(दृश्य: सर, चहाचा ग्लास हातात.)

सरांनी रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ १९८४ मध्ये सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये पाहिलाय. पंखे खडखडत होते, तान्ही पोरं रडत होती, मागून कुणीतरी भुताला शिव्या देत होतं. “आणि तरी रात्री अंगणातल्या संडासात जायला आम्ही भावाला उठवलं,” सर म्हणतात. त्यांच्या मते शांतता ही अलीकडची हौस आहे. भीती गोष्टीत असली की गोंगाटातही लागते.

मग त्यांनी ‘तुंबाड’ काढला, सोन्याच्या हावेची भुताळी गोष्ट. तो निघाला की बाकड्यावर दुसरी प्लेट मागवली जाते.

‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला तेव्हा या गटातल्या एकानंही तो थिएटरात पाहिला नव्हता. पाहू म्हणेपर्यंत उतरलाही. मग लॅपटॉपवर, मोबाइलवर, पेनड्राइव्हवर सगळ्यांनी पाहिला आणि सगळे पस्तावले. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. भाऊ शिफ्ट बदलून गेले होते. लॅपटॉपवर त्यांना मुद्रा दिसल्या होत्या, सोन्याच्या. मोठ्या पडद्यावर पाऊस दिसला. तो पाऊस खऱ्या पावसाळ्यांत, थांबून थांबून चित्रित केलाय. “पिक्चरभर अंग ओलं वाटून राहिलं होतं,” भाऊ म्हणाले. या एका वाक्यासाठी आम्ही त्यांचे बाकीचे सगळे तर्क माफ केले.

सरांचा आनंद वेगळा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय, की या पिक्चरचं बीज १९९३ मध्ये पडलं. मित्रानं त्यांना भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ते घाबरले. आणि ती कथा सांगितली कुठं? नागझिऱ्याच्या जंगलात. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या नागझिऱ्यात. तिथं ना पडदा होता, ना बेस. एक माणूस बोलत होता, दुसरा ऐकत होता. सर हे सांगून साऊंडवाल्यांकडे पाहतात.

साऊंडवाले म्हणाले, “सर, पण जंगलात कूलर नव्हता ना.”

(दृश्य: सगळे हसतात. पोहेवालाही.)

इथून गाडी जुन्या तक्रारीवर गेली. भूत विदर्भातलं घडलं आणि पडद्यावर कोकणातलंच का? तुंबाड कोकणात. आदित्य सरपोतदारांचा २०२४ चा ‘मुंज्या’ कोकणात. समुद्र, माड, कौलारू घर, झालं. विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’त २०१७ मध्ये निदान ऊस आला, ज्यात शिरलं की वाट सापडत नाही. पण ऊसही पश्चिमेकडचाच. इथं उमरेडच्या कोळसा खाणी आहेत, रानं आहेत, रात्रभर बांधावरून फिरवणारा चकवा तर घरोघरी ठाऊक आहे.

“कापसाच्या वावरात भूत लपन कसं?” भाऊंची शंका.

“तुरीच्या वावरात लपवा,” डेंटलवाली म्हणाली. “तूर डोक्याच्या वर जाते.”

कुणी निर्माता ऐकत असेल तर कल्पना फुकट आहे.

शेवटी मतदान. या वेळचा पिक्चर होता ‘भ्रमयुगम’, राहुल सदाशिवन यांचा २०२४ चा मल्याळम पिक्चर. अख्खा कृष्णधवल, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पात्रं, एक पडका वाडा आणि त्यात फाशांचा डाव मांडून बसलेला मामुटी. डेंटलवालीनं दहापैकी नऊ दिले.

“कुठं पाहिला?” साऊंडवाले.

“मोबाइलवर.”

“दिवसा?”

“दुपारी. अंधाराचा सीन आला की स्क्रीनवर मलाच माझं तोंड अन् वरचा पंखा दिसे.”

“इअरफोन?”

“एकच चालू आहे. उजवा.”

तिचं मत अर्धं धरायचं ठरलं. ती चिडली. मग तुमच्या गोदामात लावा ना, म्हणाली, पूर्ण मत देते. साऊंडवाल्यांनी हिशेब मांडला. आत्ता कूलर. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस. तुळशीचं लग्न झालं की एकही बेस गोदामात राहत नाही.

“पितृपक्षात या,” ते म्हणाले. “तेव्हा कोनी लग्न लावत नाही, सगळे बॉक्स घरी असतात.”

भाऊ तयार आहेत. डेंटलवाली तयार आहे. सर घरी विचारून सांगणार आहेत.