यकृतानं ऐकलं तरच उंची वाढते

(दृश्य: सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातली अंगणवाडी)

टाचा फळीला टेकवून पोरगी ताठ उभी आहे. ताई डोक्यावरची पट्टी अलगद खाली आणतात, आकडा वाचतात, वहीत लिहितात. वयाच्या मानानं उंची कमी. ‘आईबापावर गेलीय’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. तो मिटू नये, कारण खरी गोष्ट यकृतात चाललेली असू शकते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. मूल गाढ झोपलं की ती वाढीचं संप्रेरक रक्तात सोडते.

(अॅनिमेशन: यकृताची पेशी)

हे संप्रेरक पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणात ग्राही, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणारी प्रथिनं असतात, जोडीजोडीनं. संप्रेरकाचा एकच रेणू दोन्ही ग्राहींना धरतो आणि जोडी किंचित वळते. तेवढ्यानं आतल्या बाजूला चिकटलेली जॅक-२ ही एन्झाइमं जागी होतात. आधी एकमेकांवर, मग ग्राहींच्या शेपटांवर फॉस्फेट चढवतात. तिथं स्टॅट-५बी हे प्रथिन येऊन बसतं. त्यालाही फॉस्फेट मिळालं की त्याचे दोन रेणू जोडीनं केंद्रकात जातात आणि आयजीएफ-१ या दुसऱ्या संप्रेरकाचं जनुक चालू करतात. तयार झालेलं आयजीएफ-१ रक्तात उतरतं आणि हाडांच्या वाढीला चालना देतं.

१९६६ साली डॉक्टर झ्वी लॅरॉन आणि सहकाऱ्यांनी इस्रायलमधल्या काही मुलांची नोंद केली. रक्तात संप्रेरक भरपूर, उंची मात्र खुंटलेली. पुढे कळलं, दोष ग्राहीच्या जनुकात होता.

सातपुड्यातल्या कुपोषित लेकरांचा ग्राही सहसा जन्मतः धड असतो. पण पोटाला पुरेसं मिळालं नाही की इन्शुलिन उतरतं, यकृतावरचे ग्राही घटतात, आतली साखळी मंदावते. संप्रेरक उलट वाढतं आणि आयजीएफ-१ घसरतं. उपाशी शरीर आधी जीव सांभाळतं. अशा घरात कुणी उंची वाढवायच्या पावडरी खपवतं, तेव्हा संताप येतो.

यकृताला ऊर्जा आणि प्रथिनं दोन्ही लागतात. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळ, अंडं रोजच्या ताटात यायला लागलं, की आयजीएफ-१ काही दिवसांतच चढू लागतं. उंचीत फरक दिसायला मात्र महिने जातात, आणि ताट तेवढे महिने भरलेलं राहावं लागतं.