पक्षांतरबंदीच्या कायद्यातली कोरी जागा

मंडळी, पक्षांतरबंदीचं नाव काढलं की हल्ली लोक हसतात. मूळ मजकूर मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो, आणि तो अवघा काही पानांचा आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेलं हे दहावं परिशिष्ट. आमदाराने आपणहून पक्ष सोडला, किंवा व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडून मतदान केलं, की तो अपात्र. व्हिप मोडणाऱ्याला माफ करायचं असेल तर पक्षाला पंधरा दिवस दिलेत. आणि अपात्रतेच्या अर्जावर निकाल द्यायला विधानसभा अध्यक्षांना किती दिवस? तिथे काहीच लिहिलेलं नाही.

सगळी मेख या कोऱ्या जागेत आहे. अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचेच. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अध्यक्षांचा निकाल न्यायालयात तपासता येईल, पण एरवी निकालाआधी मध्ये पडता येणार नाही. म्हणजे निकालच लागला नाही, तर आव्हान द्यायचं कशाला?

आपल्याकडचंच बघा. शिवसेनेतल्या फुटीचे अर्ज जून २०२२ चे. ११ मे २०२३ ला न्यायालय म्हणालं, अध्यक्षांनी 'वाजवी मुदतीत' निकाल द्यावा. वाजवी म्हणजे किती, हे ठरेना, तेव्हा पुढे तारीख घालून द्यावी लागली, तीही वाढवावी लागली. निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. अपात्र कोणीच नाही, ना या गटाचा, ना त्या! दीडेक वर्षात सरकारचा कारभार मात्र बिनबोभाट चालला होता.

अपात्रता टाळायची दुसरी वाट विलीनीकरणाची, म्हणजे आमदारांच्या मोठ्या गटाने दुसऱ्या पक्षात मिसळून जाण्याची. पूर्वी पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं, ती सवलत २००३ मध्ये गेली. उरली दोन तृतीयांशांची. मग फुटणारे आधी आकडा जुळवतात. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसचे आमदार पंधरा, त्यातले गेले बरोब्बर दहा. २०२२ मध्ये अकरांपैकी आठ. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक एक तृतीयांश, म्हणून सातांनी भागत नाही, आठवा लागतो. सातच गेले असते तर सातही अडकले असते.

आणि अपात्र ठरलाच, तर? कर्नाटकात २०१९ मध्ये अध्यक्षांनी सतरा जणांना विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूकबंदी घातली. न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, बंदी काढली, कारण परिशिष्टात तशी शिक्षाच नाही. त्यांच्यातले बरेचसे डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत नव्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आले.

२०२० मध्ये मणिपूरच्या खटल्यात न्यायालयाने एरवी तीन महिन्यांत निकाल द्या असं सांगितलं, आणि हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे देण्याचा विचार करा, असं संसदेला सुचवलं. परिशिष्टातली ओळ काही बदलली नाही. जुलै २०२५ मध्ये तेलंगणातल्या दहा आमदारांच्या खटल्यात न्यायालयाला तेच तीन महिने पुन्हा सांगावे लागले.