क्रिएशन सायन्सच्या मासिकाला लेख पाठवताय? आधी त्यांची अट वाचा

नमस्कार मंडळी! आजचा विषय एका प्रेक्षकाच्या पत्रातून आलाय. मुलगा पुण्याचा, सध्या अमेरिकेत भूशास्त्र शिकतोय. तो लिहितो, "दादा, इथल्या चर्चमधले मित्र म्हणतात की क्रिएशन सायन्सच्या मासिकाला लेख दे. कसा पाठवायचा? आणि पाठवावा का?"

प्रश्न मनापासून विचारलाय, तेव्हा उत्तरही तसंच देतो.

बायबलचं पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’. सहा दिवसांत सृष्टी निर्माण झाली, असं त्यात आहे. ते अक्षरशः खरं धरायचं, पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानायची, नोहाच्या काळचा जलप्रलय जगभर आला असं समजायचं आणि त्या चौकटीत खडक, जीवाश्म, तारे यांचा अर्थ लावायचा. याला ती मंडळी क्रिएशन सायन्स म्हणतात. भूशास्त्राच्या हिशेबाने पृथ्वीचं वय साधारण 454 कोटी वर्षं आहे. मी याच बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या नियतकालिकांचं जगही छोटं नाही. अमेरिकेतल्या क्रिएशन रिसर्च सोसायटीची स्थापना 1963 ची, तिचं त्रैमासिक 1964 पासून निघतंय. सामान्य वाचकांसाठीचं ‘क्रिएशन’ ऑस्ट्रेलियात 1978 मध्ये सुरू झालं. ‘आन्सर्स रिसर्च जर्नल’ 2008 पासून ऑनलाइन आहे. कुठे पाठवताय ते आधी ठरवा, कारण घरी चहा पिता पिता वाचायचा लेख वेगळा आणि तज्ज्ञांकडून तपासून घेतला जाणारा निबंध वेगळा.

आता मुख्य गोष्ट. ‘आन्सर्स रिसर्च जर्नल’च्या लेखकांसाठीच्या सूचना वाचा. तपासणाऱ्याने बघायच्या गोष्टींमध्ये एक प्रश्न असा आहे: निबंध तरुण पृथ्वी, तरुण विश्व या चौकटीत बसवलेला आहे का? क्रिएशन रिसर्च सोसायटीचं सभासद व्हायचं तर श्रद्धेचं निवेदन, म्हणजे बायबलबद्दल आपण काय मानतो याची लेखी कबुली, मान्य करावं लागतं. म्हणजे पुरावा कुठे नेतोय हे बघायच्या आधीच मुक्काम ठरलेला असतो. ते हे लपवत नाहीत, उघड लिहितात, आणि या उघडपणाबद्दल मला आदर आहे. पण विज्ञानाची वाट उलटी चालते. 1982 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात शाळेत क्रिएशन सायन्स शिकवण्याच्या खटल्यात न्यायाधीश विल्यम ओव्हर्टन यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. कुणी कुठल्याही पद्धतीने शोध घ्यायला मोकळा आहे, पण निष्कर्ष आधी धरला आणि काहीही पुढे आलं तरी तो बदलायचा नाही म्हटलं, तर त्या पद्धतीला वैज्ञानिक म्हणता येत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

तरीही लिहायचं ठरवलंत, तर एक काम नक्की करा. ‘क्रिएशन’ काढणाऱ्या संस्थेने स्वतःच एक यादी केली आहे: आपल्या बाजूने कुठले मुद्दे मांडू नयेत, त्याची. मरताना डार्विनने आपला उत्क्रांतीचा सिद्धांत मागे घेतला, ही गोष्ट त्या यादीत आहे. त्याची मुलगी हेन्रिएटा हिने 1922 मध्येच ती खोडून काढली होती.

त्यातलंच दुसरं उदाहरण एका सडलेल्या धुडाचं. एप्रिल 1977. न्यूझीलंडजवळच्या समुद्रात झुइयो मारू या जपानी मासेमारी बोटीच्या जाळ्यात एक प्रचंड धूड आलं. लांबी सुमारे 10 मीटर, वजन जवळपास 1,800 किलो. लांब मान, इवलंसं डोकं, चार वल्ह्यांसारखे अवयव. घाण इतकी सुटलेली की बाकीची मासळी नासेल म्हणून खलाशांनी ते परत समुद्रात टाकलं. पण टाकायच्या आधी एकाने फोटो काढले, मापं घेतली आणि पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाचे शिंगासारखे कडक तंतू काढून ठेवले. फोटो छापून आले आणि गाजावाजा झाला: डायनासोरच्या काळातला प्लेसिओसॉर, म्हणजे लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी, अजून जिवंत आहे! तंतूंमधली अमिनो आम्लं तपासली, तर ती बास्किंग शार्कशी जुळली. कोकणात शार्कला मुशी म्हणतात, तिचा हा दूरचा, अवाढव्य भाऊबंद. तो कुजायला लागला की जबडा आणि श्वास घ्यायच्या कल्ल्यांचा भाग आधी गळून पडतो. उरते छोटी कवटी आणि लांबलचक कणा, म्हणजे दिसायला हुबेहूब लांब मान. पुढे क्रिएशनवाल्या लेखकांनीही हे मान्य केलं. ते मूठभर तंतू कुणी जपले नसते, तर आजही वाद चालू असता.

प्रस्तावाचं पत्र कसं लिहायचं, ते थोडक्यात. पहिल्या वाक्यात तुमचा दावा, पुढे पुरावा, मग हा लेख तुम्हीच का लिहावा ते. मूळ निबंध वाचलेला असेल तरच त्याचा दाखला द्या. कुणीतरी कुठेतरी उद्धृत केलेलं उचलू नका. फोटो तुमचे नसतील तर परवानगी आधी घ्या. एकच लेख एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका.

आणि मित्रा, तू भूशास्त्र शिकतोयस म्हणून हे खास तुझ्यासाठी. तिथे छापून आलेला निबंध बहुतेक विद्यापीठांच्या विभागांत संशोधन म्हणून धरला जाणार नाही, आणि नाव मात्र कायम शोधात सापडत राहील. श्रद्धेबद्दल लिहायचं असेल तर मोकळेपणाने श्रद्धेबद्दलच लिही, त्यासाठी चर्चचं मासिक आहे. खडकांबद्दल लिहायचं असेल तर आधी मार्गदर्शकांना मसुदा दाखव. सोसायटीच्या त्या श्रद्धेच्या निवेदनाची प्रत काढ, एकेक ओळ वाच, आणि जिथे पेन अडखळेल तिथे खूण कर. ती खूण केलेली प्रत मला पाठव, पुढच्या व्हिडिओत तिथूनच सुरुवात करू.